पीसीमूव्हर प्रोफेशनल: प्रोग्रॅम नव्या मशीनवर येतात, लायसन्स जुन्यावरच राहतात

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या किंवा इंटेलच्या आठव्या पिढीआधीचा प्रोसेसर असलेल्या बहुतेक मशीनवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे फोर्टमधली सीए ऑफिसं, गिरगावातली डीटीपीची दुकानं, दादर-परळच्या सोसायट्यांची ऑफिसं अशी सगळीकडे जुनी मशीन बदलली जाताहेत. लॅमिंग्टन रोडवर जाऊन नवा पीसी आणणं हे तासाभराचं काम. जुन्या पीसीवर गेली आठ-दहा वर्षं बसवत आणलेलं सगळं त्याच्यावर कसं आणायचं, हा खरा प्रश्न. लॅपलिंक कंपनीचं पीसीमूव्हर प्रोफेशनल नेमकं हेच करून देण्याचा दावा करतं.

आधी निकाल सांगतो. ज्या पीसीवर पंधरा-वीस छोटेमोठे प्रोग्रॅम आहेत, त्यांतल्या निम्म्यांच्या सेटअप फाइल हरवल्यात आणि सेटिंग्ज कुणाला आठवत नाहीत, तिथे हे सॉफ्टवेअर पैसे वसूल करून देतं. ज्या पीसीवर हिशोबाचं टॅली, ऑफिस, क्रोम आणि एक प्रिंटर एवढंच आहे, तिथे ते घेऊ नये. मुंबईतल्या लहान ऑफिसांचं काम ज्या चार-पाच गोष्टींवर अडतं, त्या यातून येतच नाहीत. त्या हातानेच आणाव्या लागतात.

‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या पीसीवर टाकलं तर प्रोग्रॅम का चालत नाही, हे माहीत असलं की पीसीमूव्हरची किंमत कळते. प्रोग्रॅम इन्स्टॉल होतो तेव्हा त्याचा एक भाग त्या फोल्डरमध्ये जातो, दुसरा विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, नोंदला जातो. काही फाइल ‘प्रोग्रॅमडेटा’ आणि ‘ॲपडेटा’ या लपवलेल्या फोल्डरांत जातात, काही सर्व्हिस म्हणून विंडोजबरोबर सुरू होतात, आणि व्हिज्युअल सी प्लस प्लस किंवा डॉटनेटसारखी आधाराची पॅकेजं वेगळीच बसतात. पीसीमूव्हर हे धागे शोधून एकत्र उचलतो. विंडोजची स्वतःची साधनं हे करत नाहीत. जुनं विंडोज ईझी ट्रान्सफर फक्त फाइल आणि सेटिंग्ज न्यायचं, आणि विंडोज १० मध्ये तेही काढून टाकलं. आताचं विंडोज बॅकअपही डेस्कटॉप प्रोग्रॅम पुन्हा बसवून देत नाही.

खरेदी करताना आवृत्तीचं नाव नीट वाचा. एक्सप्रेस नावाची आवृत्ती फाइल, सेटिंग्ज आणि यूजर प्रोफाइल नेते, प्रोग्रॅम नेत नाही. प्रोग्रॅम हवे असतील तर एक्सप्रेस चालत नाही, प्रोफेशनलसारखी आवृत्ती लागते. प्रोफेशनलचा सिरीयल नंबर एका नव्या मशीनपुरता असतो. ऑफिसात तीन पीसी बदलायचे असतील तर तीन लायसन्सचा हिशोब धरा.

दोन्ही मशीनवर सॉफ्टवेअर टाकायचं, दोन्ही एकाच नेटवर्कवर आणायची, नव्यावर सिरीयल नंबर द्यायचा आणि जुन्याची तपासणी होऊ द्यायची. सिरीयल नंबर पडताळायला सुरुवातीला इंटरनेट लागतं. मग काय न्यायचं याची यादी समोर येते: यूजर अकाउंट, प्रोग्रॅम, फोल्डर, ड्राइव्ह. या पडद्यावर घाईने पुढे जाऊ नका. जे नव्या मशीनवर चालणार नाहीत असं पीसीमूव्हरला वाटतं, त्या प्रोग्रॅमची खूण त्याने आधीच काढलेली असते. ती परत लावायचा मोह टाळा. ज्यांची खूण त्याने ठेवली आहे त्यांतूनही अँटिव्हायरस, जुन्या लॅपटॉप कंपनीची युटिलिटी, प्रिंटरची सॉफ्टवेअर आणि खाली सांगितलेले लायसन्सवाले प्रोग्रॅम तुम्ही काढा. ड्रायव्हर या मार्गाने येत नाहीत, आणि दुसऱ्या मदरबोर्डची युटिलिटी आली तर सुरू होताना एरर देण्यापलीकडे काही करत नाही.

वायफायवर हे काम करू नये. गिगाबिट लॅनवर, म्हणजे केबलच्या नेटवर्कवर, प्रत्यक्षात सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळतो. म्हणजे १२० जीबी डेटा कागदावर वीस मिनिटांचा, आणि लाखभर बारीक फाइल असतील तर तास-दीड तासाचा. पण जुन्या पीसीचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचा असला, किंवा मधला राउटर केबलवाल्याने दिलेला साधा १०० एमबीपीएसचा असला, तर वेग सेकंदाला ११ एमबीवर येतो आणि तोच डेटा तीन तास घेतो. राउटर मंद असेल तर कॅट ५ई किंवा कॅट ६ ची एक केबल थेट एका पीसीतून दुसऱ्यात लावा. आजच्या नेटवर्क कार्डांना क्रॉस केबल लागत नाही. सिरीयल नंबर पडताळण्यापुरतं नवं मशीन वायफायवर ठेवा. नव्या पातळ लॅपटॉपला लॅन पोर्टच नसतो, त्याला यूएसबी-सी ते लॅन ॲडॉप्टर लागेल आणि तोही गिगाबिटचाच घ्या. साधी यूएसबी केबल दोन पीसींत लावून काही होत नाही. यूएसबीने न्यायचं असेल तर लॅपलिंकची खास केबल लागते.

सुरू करण्याआधी दोन्ही मशीनचा स्लीप मोड बंद करा, नव्यावरची विंडोज अपडेट पूर्ण होऊ द्या आणि दोन्हींवरचा अँटिव्हायरस तेवढ्यापुरता थांबवा. अर्धवट तुटलेल्या ट्रान्सफरचं पहिलं कारण बहुतेक वेळा स्लीप मोड असतं, दुसरं अँटिव्हायरस. दक्षिण मुंबईत वीज सहसा जात नाही, पण कल्याण किंवा वसईकडे हे करत असाल तर दोन्ही मशीन यूपीएसवर हवीत. जुना पीसी उघडून, फॅनवरची धूळ काढून मगच या कामाला लावा. काही तास डिस्कवर सतत ताण पडतो, आणि मरायला टेकलेली हार्ड डिस्क नेमकी अशा वेळी बसते. डिस्क खरखरत असेल तर पीसीमूव्हर बाजूला ठेवा आणि आधी फक्त डेटाची कॉपी काढा.

नवं मशीन कोरं असताना हे काम केलं तर उत्तम. यात ट्रान्सफर उलटवायची सोय आहे, नवा पीसी पूर्ववत होतो. पण ट्रान्सफरनंतर त्यावर बरंच काही बसवलं असेल तर या सोयीवर विसंबू नये. जुन्या पीसीवरचं काहीही पुसलं जात नाही, ही या सॉफ्टवेअरची सर्वांत चांगली गोष्ट आहे. नव्यावर सगळं चालतंय याची खात्री होईपर्यंत जुना तसाच चालू ठेवता येतो.

एक गोष्ट जवळपास प्रत्येक ऑफिसात बिघडते, ती ड्राइव्हची. आपल्याकडे पीसी असेंबल करणारे सवयीने सी, डी, ई असे तीन पार्टिशन करून देतात आणि सगळा कामाचा डेटा डी वर असतो. नव्या पीसीला एकच एसएसडी आणि एकच सी ड्राइव्ह. पीसीमूव्हर डी वरचा डेटा सी मधल्या एखाद्या फोल्डरात ठेवतो. फाइल आल्या म्हणून माणूस समाधानी होतो, पण शॉर्टकट, एक्सेलमधल्या दुसऱ्या फाइलला जोडलेल्या लिंक आणि टॅलीचा डेटा पाथ हे सगळं अजून डी कडेच बोट दाखवत असतं. उपाय सोपा आहे. ट्रान्सफरच्या आधी नव्या पीसीवर डिस्क मॅनेजमेंटमधून सी लहान करून डी पार्टिशन तयार करा, म्हणजे डी चं डी वर जाईल.

आता लायसन्सकडे येऊ.

टॅलीप्राइम पीसीमूव्हरने आणू नका. त्याचा सेटअप टॅलीच्या साइटवर मोफत मिळतो, नव्यावर तो थेट टाका. लायसन्स मात्र जुन्या मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं असतं. जुन्या पीसीवर टॅली उघडून, एफ१ मधल्या सेटिंग्जच्या लायसन्स भागातून ते सरेंडर करा, म्हणजे जुन्या मशीनवरून सोडवा, मग नव्यावर सिरीयल नंबर आणि नोंदवलेला ईमेल देऊन ॲक्टिव्हेट करा. हा ईमेल कुणाचा आहे, हे आधी पाहा. बऱ्याच दुकानांत टॅली विकणाऱ्या माणसाचा किंवा सोडून गेलेल्या अकाउंटंटचा ईमेल नोंदवलेला असतो, आणि ॲक्टिव्हेशनची माहिती त्याच्याकडे जाते. सरेंडर न करता जुना पीसी फॉरमॅट केला तर नवं टॅली एज्युकेशनल मोडमध्ये उघडतं, ज्यात महिन्याच्या ठरावीक तारखांनाच नोंदी करता येतात. मग लायसन्स रीसेट करून घ्यावं लागतं. जीएसटीच्या शेवटच्या तारखेला ही धावपळ कुणाला नको असते. डेटासाठी कंपन्यांची आकड्यांच्या नावाची फोल्डर असलेलं ‘डेटा’ फोल्डर पूर्ण उचला. जुन्या रिलीजचा डेटा नव्यात उघडला की तो नव्या स्वरूपात बदलतो आणि परत जुन्यात उघडत नाही, म्हणून आधी एक बॅकअप वेगळ्या डिस्कवर हवा. बिलाचा खास नमुना बनवून घेतला असेल तर त्याची टीडीएल किंवा टीसीपी फाइल कुठे आहे ते जुन्या टॅलीतच पाहून ठेवा. नवीन ठिकाणी तिचा पाथ पुन्हा द्यावा लागतो.

डिजिटल सिग्नेचरचं टोकन हे तर कॉपी होऊच नये म्हणून बनवलेलं आहे. सही करणारी किल्ली टोकनच्या आतच असते. नव्या पीसीवर फक्त त्या टोकनचा ड्रायव्हर लागतो, आणि ईपास किंवा प्रॉक्सकीसारखं टोकन लावल्यावर सीडी ड्राइव्हसारखा जो भाग दिसतो त्यात तो बहुधा असतो. त्याशिवाय जीएसटी पोर्टलसाठी एमसाइनर (ब्राउझरमधून सही करून देणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाकावा लागेल. पीसीमूव्हरने आणलेला एमसाइनर वरवर सुरू होतो, पण ब्राउझरला त्याचं स्थानिक सर्टिफिकेट मान्य नसेल तर सही होत नाही. त्यापेक्षा ताजा सेटअप पाच मिनिटांत होतो. टोकनचा पासवर्ड आठवत नसेल तर अंदाज लावत बसू नका, ठरावीक वेळा चुकला की टोकन लॉक होतं.

टीडीएस रिटर्न तयार करण्याचं आरपीयू हे सॉफ्टवेअर याला अपवाद आहे. ते जावावर चालतं आणि फोल्डर जसंच्या तसं उचलून नेता येतं. नव्यावर जावा असला की झालं. यासाठी कुठलंही सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस जुन्या लॅपटॉपबरोबर फुकट आलेलं असेल तर ते त्या लॅपटॉपचंच, नव्यावर हक्क नाही. स्वतंत्र विकत घेतलेलं ऑफिस मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असतं, ते जुन्यावरून काढून नव्यावर पुन्हा डाउनलोड करा. नव्या पीसीवर आधीच चाचणीचं ऑफिस बसवलेलं असतं. त्याच्यावर पीसीमूव्हरने जुनं ऑफिस आणलं की दोघांची भांडणं लागतात आणि एक्सेल दर वेळी दुरुस्ती मागतं. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल मात्र नीट येते. पासवर्ड येत नाहीत, कारण ते जुन्या विंडोजच्या लॉगिनशी कुलूपबंद असतात. क्रोमच्या पासवर्डचंही तेच, म्हणून जुन्यावर आधी गूगल खात्यात सिंक चालू करून ठेवा.

मराठी डीटीपी करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. श्रीलिपीसारखी मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे पोर्टला लावायच्या लायसन्सच्या किल्लीवर, चालतात, आणि डोंगलचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी वेगळा घ्यावा लागतो. डोंगल जुना, प्रिंटरच्या पॅरलल पोर्टचा असेल तर यूएसबी कन्व्हर्टरवर तो सहसा ओळखला जात नाही. कंपनीकडून बदलून घेणं हाच मार्ग आहे आणि त्याला दिवस लागतात, तेव्हा नवा पीसी घ्यायच्या आधी फोन करा. दुसरं फॉन्टचं. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये बसवलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, जाहिराती या फॉन्ट नसला की रोमन अक्षरांचा चिखल होऊन उघडतात. बहुतेक फॉन्ट विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात असतात, पण विंडोज १० च्या २०१८ च्या अखेरपासूनच्या आवृत्त्यांत एखादा फॉन्ट फक्त त्या यूजरपुरता बसवलेला असेल तर तो ‘ॲपडेटा’मधल्या वेगळ्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरात जातो. दोन्ही ठिकाणांहून कॉपी घ्या आणि नव्यावर ‘सर्व यूजरसाठी इन्स्टॉल’ करा. पीसीमूव्हरला यूजर प्रोफाइल पूर्ण नेऊ दिलं तर दुसरं फोल्डर येतं, पण फॉन्टची वेगळी कॉपी पेन ड्राइव्हवर असलीच पाहिजे. वीस वर्षांच्या फॉन्टचा संच पुन्हा जमवता येत नाही.

जिथे पीसीमूव्हर खरोखर कामाला येतो ती जागा वेगळी आहे. बंद पडलेल्या कंपनीचं बारकोडचं सॉफ्टवेअर, क्लिनिकचं अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर, सोसायटीच्या मेंटेनन्स बिलाचा कुणीतरी व्हिज्युअल फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला प्रोग्रॅम. सेटअप नाही, लिहिणारा सापडत नाही, पण रोजचं काम त्यावर आहे. असे ३२ बिटचे प्रोग्रॅम तो बऱ्यापैकी नेतो. नेल्यावर सुरू झाला नाही तर पहिला संशय डॉटनेट ३.५ वर घ्या. नव्या विंडोजमध्ये ते बंद असतं आणि ‘विंडोज फीचर्स’मधून चालू करावं लागतं. दुसरा संशय ॲडमिन हक्कांवर. जुने प्रोग्रॅम आपला डेटा ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्येच लिहितात आणि नवं विंडोज त्यांना तसं करू देत नाही. प्रोग्रॅमचं फोल्डर थेट सी वर हलवणं जमत नसेल तर त्या एका फोल्डरला लिहिण्याचा हक्क द्या.

डॉसवरचा फॉक्सप्रो किंवा १६ बिटचा कुठलाही प्रोग्रॅम मात्र कुणीच नेऊ शकत नाही. तो ३२ बिटच्या विंडोजवरच चालत होता आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. त्यासाठी डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स वापरा, किंवा मायक्रोसॉफ्टचं मोफत डिस्क टू व्हीएचडी वापरून जुन्या पीसीची पूर्ण प्रतिमा करा आणि ती नव्या पीसीत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे पीसीच्या आतला पीसी, म्हणून उघडा. व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही विंडोजच्या प्रो आवृत्तीतच असतं, होममध्ये नसतं. या कामासाठी प्रो घेणं योग्य ठरतं. जुन्या विंडोजचं लायसन्स त्या जुन्या मशीनचं असल्याने व्हर्च्युअल मशीनसाठी वेगळं लागेल, हेही लक्षात घ्या. टीव्हीएसचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल केबलवर असेल तर नव्या पीसीला तो पोर्ट नसणार. यूएसबी कन्व्हर्टरवर विंडोजची छपाई होते, पण थेट एलपीटी१ (पॅरलल पोर्ट) वर पाठवणाऱ्या डॉस प्रोग्रॅमसाठी प्रिंटर शेअर करून एलपीटी१ त्याला जोडून द्यावा लागतो.

पैसे न घालवता करता येणारे दोन रस्ते आहेत. प्रोग्रॅम सगळे ओळखीचे असतील तर विंडोजमधलं विंगेट हे कमांडवर चालणारं साधन जुन्या पीसीवरच्या प्रोग्रॅमची यादी फाइलमध्ये काढून देतं आणि नव्यावर ती यादी दिली की सगळे एकामागून एक ताजे बसतात. आपल्याकडची मराठी आणि अकाउंटिंगची सॉफ्टवेअर त्यात नसतात, बाकी व्हीएलसी, सेव्हनझिप, क्रोम, ॲक्रोबॅट रीडर वगैरे सुटतात. दुसरं, जुना पीसी फक्त हळू आहे म्हणून बदलत असाल आणि तो विंडोज ११ च्या अटींत बसत असेल, तर क्लोनझिला या साधनाने हार्ड डिस्क एसएसडीवर क्लोन करा. काहीच हलवावं लागत नाही, लायसन्सही बहुतेक तशीच राहतात. जुनी डिस्क काढून नव्या मदरबोर्डला लावण्याचा उपाय मात्र आता पूर्वीसारखा चालत नाही. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची, नवा पीसी यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा, शिवाय इंटेलच्या नव्या स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर जुन्या विंडोजमध्ये नसतो, म्हणून पीसी सुरूच होत नाही किंवा एररचा निळा पडदा येतो.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत आणि घरी येणाऱ्या टेक्निशियनकडे ‘डेटा ट्रान्सफर’ म्हणजे साधारणपणे डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्हची कॉपी. प्रोग्रॅम, फॉन्ट, पीएसटी, टॅलीचं सरेंडर यांचा उल्लेख बिलावर किंवा व्हॉट्सॲपवर लिहून घेतल्याशिवाय काम देऊ नका. ‘सगळी सॉफ्टवेअर टाकून देतो’ असं कुणी म्हणालं तर कुठून टाकणार हे विचारा. क्रॅक केलेली आवृत्ती ऑफिसच्या पीसीवर आली की तिच्याबरोबर काय आलं ते कुणालाच सांगता येत नाही, आणि त्याच पीसीवर ग्राहकांचे पॅन, आधार आणि बँकेची स्टेटमेंट असतात.

नव्या मशीनच्या बाजूने एक काम राहतं. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की अनेक मशीनवर डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद होते. तिची ४८ अंकी रिकव्हरी की पहिल्याच दिवशी छापून फाइलला लावा. पुढच्या वेळी डिस्क काढून डेटा घ्यायची पाळी आली तर त्या कीशिवाय कुठलंच सॉफ्टवेअर उपयोगाचं नाही.

जुना पीसी निदान एक जीएसटी रिटर्न आणि एक तिमाही टीडीएस रिटर्न नव्यावरून भरून होईपर्यंत विकू नका. त्यानंतर टॅली सरेंडर झालंय का, ॲडोबी आणि कोरलमधून साइन आउट केलंय का हे तपासा, आणि डिस्क पूर्ण पुसा. हार्ड डिस्कवर ‘रीसेट’ करताना ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा, नुसतं क्विक फॉरमॅट पुरत नाही. एसएसडी असेल तर तिच्या कंपनीच्या युटिलिटीमधलं सिक्युअर इरेज वापरा.